उपवासाचं दळण

मुखेड, रविवार, २२ सप्टेंबर २०२४

समीक्षा,

गिरणीच्या झाकणाचे नट सोडून तुझे पप्पा वरचा दगड बाजूला घ्यायचे आणि तू फ्रॉकचा घोळ कमरेला खोचून खालच्या दगडावर ब्रश फिरवायचीस. खाचांत बसलेलं ज्वारीचं पीठ निघता निघत नसे. तोवर माझा ओटा झाडून झालेला असायचा, दारात पाणी शिंपडून झालेलं असायचं, आणि मी आदल्या दिवशीचे डबे ओल्या फडक्याने पुसत बसलेली असायची. नवरात्राचे दिवस. बाहेर विठाबाई भगरीचा डबा पदराखाली धरून उभी. नऊ दिवस तिच्या पोटात धान्याचा कण जात नाही, म्हणून दगड उघडून घासलेले स्वतःच्या डोळ्यांनी बघायची आणि मगच डबा आत द्यायची. पप्पा पहिली मूठभर भगर दगडावरून काढून कोंबड्यांना टाकायचे. मग टोपी काढून, मशीनवर हात ठेवून डोळे मिटायचे.

"आनंद्या, लांबली बघ तुझी प्रार्थना," विठाबाई बाहेरून ओरडायची. "माझं पोट पाठीला लागलं."

पप्पा मुद्दाम मोठ्याने 'आमेन' म्हणायचे आणि बटण दाबायचे. तू हसायचीस. ते हसू मला अजून ऐकू येतं. पट्ट्याच्या आवाजातही येतं.

फोन सोडून कागद का घेतला, ते सांगते. तुझ्या फोनवर सगळं घर ऐकतं. मी 'सलाम बाळा' म्हणते आणि पलीकडून जावई सत्यमराव 'प्रेज द लॉर्ड, आई' म्हणतात. त्यांच्यावर माझा राग नाही. पण मला तुझ्याशी बोलायचं असतं. कागद वाचताना तू एकटी असशील अशी आशा आहे.

तुझं म्हणणं मला नीट समजलं. गिरणी विकायची, लातूरला यायचं, तुमच्या मंडळीच्या हॉलमागच्या खोलीत राहायचं, बायकांच्या प्रार्थना घ्यायच्या, आजाऱ्यांना भेटायचं. पूर्णवेळ सेवा. गिऱ्हाईकही सत्यमरावांनीच बघून दिलं आहे. बसलिंगप्पांचं दुकान आपल्या समोरच आहे, तेव्हा गिऱ्हाईक शोधायला त्यांना फार लांब जावं लागलं नसेल.

पप्पा गेल्याला दुसरं वर्ष चाललं आहे. मी एकटी आहे, हे तू म्हणतेस ते खरं. खोकला मात्र नाही. फोनवर ऐकलास तो त्या दिवशीचा होता.

एक गोष्ट मनात आहे, ती लिहून टाकते. ईस्टरला तू आलीस तेव्हा मी भाकरी थापल्या होत्या. तू म्हणालीस, "अहमदपूरच्या स्टँडवर खाल्लं, माय, भूक न्हाई." लेकराला तू पिशवीतून बिस्किटं काढून दिलीस. लेकरू भाकरीकडे हात करत होतं आणि तू तिचा हात धरून ठेवला होतास. तेव्हा मला समजलं नाही. नंतर तूच सांगितलंस, की तुमचे ब्रदर म्हणतात, ज्या दगडावर मूर्तीच्या उपवासाचं आणि नैवेद्याचं दळलं जातं, त्या दगडाचं पीठ विश्वासणाऱ्याच्या घरात नको.

मला विचार करायला वेळ दे. आपल्या चर्चचा कापणीचा सण नोव्हेंबरच्या शेवटी आहे. तोवर मी सांगते.

तुझी माय,
सरजा


मुखेड, शुक्रवार, ४ ऑक्टोबर

समीक्षा,

तुझा फोन आला, बरं वाटलं. "निदान या नवरात्रात तरी, माय," एवढंच तू म्हणालीस. यंदा आपल्या गिरणीवर उपवासाचं दळण नाही. का, ते विचारू नकोस. तुला पाहिजे होतं ते झालं एवढं समज.

काल बसलिंगप्पा आले. टेप घेऊनच आले. भिंतीपासून भिंतीपर्यंत मापलं, वर पत्रे बघितले.

"अक्का, जागा मोक्याची आहे. सोयाबीनची पोती ठेवायला एक नंबर."

"आन् गिरणी?"

"गिरणी भंगारात जाईल की. आता बायका पुड्यातलं पीठ घेऊन राहिल्यात. तुम्ही कुणासाठी झिजून राहिलात, अक्का?"

मनाने वाईट नाहीत. पप्पांच्या मातीला आले होते, खांदा दिला होता. बोलता बोलता त्यांनी एक पाय झिजून बाजूला पडलेल्या जुन्या दगडावर ठेवला आणि बुटाची नाडी बांधायला वाकले.

"पाय काढा," मी म्हणाले.

"तुमच्यात दगडाला मानत नाहीत ना, अक्का?"

"मानत न्हाई. पण त्याच्यावर लोकांचं खाणं दळलेलं हाय. पाय काढा."

काढला बिचाऱ्यांनी. कापणीच्या सणापर्यंत थांबायला तयार आहेत. मी होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

आता तुला हसू येईल असं सांगते. मी वाचायला कशी शिकले माहीत आहे ना? लग्न होऊन आले तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. गिऱ्हाइकांच्या डब्यांवर रंगाने नावं लिहिलेली असायची. पप्पा एकेक डबा पुढे करायचे आणि विचारायचे, हा कुणाचा? 'व्यंकटी' वाचता आलं तेव्हा महिनाभर मी सगळीकडे 'व्य' शोधत होते. डबे संपले तेव्हा पवित्र शास्त्र उघडलं. अजूनही शास्त्र वाचताना जातं किंवा जात्याची तळी कुठे आली की तिथे पेन्सिलीने बारीक खूण करते. बऱ्याच खुणा झाल्या आहेत. मोशेच्या नियमात एके ठिकाणी सांगितलं आहे, की कोणाच्या जात्याची तळी गहाण म्हणून ठेवून घ्यायची नाही, कारण तसं करणं म्हणजे त्या माणसाचा जीवच ठेवून घेणं. आणि संदेष्ट्यांनी ज्या गावावर कोप होणार असं सांगितलं, तिथे दिवा विझेल आणि जात्याचा आवाज बंद होईल असंही सांगितलं. जात्याचा आवाज बंद होणं ही शिक्षा आहे, हे वाचून मी पुस्तक मिटून बसले होते.

आज जास्त लिहवत नाही. औषध घ्यायची वेळ झाली. साधं आहे, घशाचं.

माय


मुखेड, बुधवार, ९ ऑक्टोबर

समीक्षा,

मागच्या पत्रात 'का ते विचारू नकोस' लिहिलं होतं. आज सांगते.

घटस्थापनेच्या दिवशी मी दारावर पाटी लावली: उपवासाचं दळण बंद. म्हटलं, लेक ईस्टरला न जेवता गेली, नाताळला तरी जेवेल. विठाबाई नेहमीसारखी पहाटेची अंघोळ करून, केस ओले, डबा घेऊन आली. तिला वाचता येत नाही.

"काय लिव्हलंय गं?"

"उपवासाचं बंद हाय यंदा."

"मशीन बिघडली का?"

"हाव," मी म्हणाले.

ती डबा तसाच घेऊन परत गेली. तिच्या पाठोपाठ तीन-चार बायका आल्या, त्यांनाही मी तेच सांगितलं. खालच्या आळीच्या गिरणीत दगड उघडत नाहीत. गव्हामागून भगर तशीच टाकतात. बाकीच्या बायकांनी चालवून घेतलं. विठाबाईने घेतलं नाही. चहा आणि केळं यांच्यावर राहिली. काल सकाळी नळावर घागर उचलताना चक्कर येऊन पडली. तिची सून उज्वला पळत मला बोलवायला आली. डॉक्टरच्या आधी मला. का, तर म्हातारी डॉक्टरचं ऐकत नाही, माझं ऐकते म्हणून.

मी गेले. कोपराला खरचटलं होतं. खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. मला बघून म्हणाली, "आली का. मशीन दुरुस्त झाली?"

"मशीन बिघडलीच नव्हती."

"ते मला ठाव हाय. बिघडलेल्या मशीनीतून समद्या गल्लीची ज्वारी दळून निघाली."

"मग त्याच दिवशी बोलली का न्हाईस?"

"तुला खोटं बोलायची सवय न्हाई. म्हणलं, बोलू द्यावं चार दिस. थकंल."

उज्वला तोंडाला पदर लावून हसत होती. मला हसू येत नव्हतं.

विठाबाईने सुनेला पाणी आणायला पाठवलं आणि मग हळू आवाजात विचारलं, "आता खरं सांग. बंद कर म्हणून तुला तुज्या देवानं सांगितलं, का लेकीनं?"

मी तिच्या कोपरावरची माती पुसू लागले.

"देवानं सांगितलं असंल तर माझं काई म्हणणं न्हाई. आमचा देव बी कायबाय सांगतो, आमी ऐकतोच की. पर लेकीनं सांगितलं असंल, तर तिला कळव म्हणावं, तुजी विठाआज्जी केळं खाऊन खाऊन माकड होऊन राहिली."

तुला ती गोष्ट माहीत नाही, तू तेव्हा जन्मली नव्हतीस. पप्पांनी नवीन गिरणी टाकली तेव्हा गावात कुजबुज होती, की ख्रिस्ती माणसाच्या, तेही गावकुसाबाहेरच्या आपल्या वस्तीतल्या माणसाच्या गिरणीवर उपवासाचं कसं द्यायचं. पहिला डबा विठाबाईने आणला होता. म्हणाली होती, पोरगा दगड उघडून दाखवून राहिला, तुमच्यापैकी कुणी आपली चूल उघडून दाखवतं का? त्यानंतर बाकीचे डबे आले. आपलं घर त्या डब्यांवर उभं राहिलं, तू त्यांच्यावर शिकलीस. आणि त्याच बाईला मी दारातून परत पाठवलं. तेव्हा गावाने विटाळ मानला होता, आता मी मानला. दगड तोच.

तिथून उठून मी सरळ गिरणीवर आले. पाटी काढली. उज्वला माझ्यामागून आली होती. पप्पा गेल्यापासून वरचा दगड मी माणूस बोलावून उघडत होते. काल आम्ही दोघींनी सळई लावून बाजूला घेतला. बोट चेमटलं, पण निघाला. ब्रश मारला, फडकं मारलं, पहिली मूठ कोंबड्यांना टाकली.

मग बटणाकडे हात गेला आणि थांबला. पप्पांची ती प्रार्थना मी कधी केली नव्हती. ती त्यांची होती. ते गेल्यावर गिरणी मी चालवली, पण पोटासाठी म्हणून चालवली, आणि त्यांची आठवण म्हणून. काल मी मशीनवर हात ठेवला. शब्द काही सुचेनात. एवढंच म्हणाले, प्रभू, या म्हातारीच्या पोटात हे नीट पचू दे. आणि बटण दाबलं.

समीक्षा, मी पप्पांच्या मातीनंतर रोज विचारत होते, की तू मला कशासाठी ठेवलंस. उत्तर यायचं नाही. काल डबा घेऊन विठाबाईकडे चालताना माझ्या लक्षात आलं, की आज मी विचारलंच नाही. पीठ कोमट होतं, डबा पोटाशी धरला होता.

तुम्ही म्हणाल, माय भावनेत वाहून गेली. तर मी शास्त्रातही बघितलं. अरामी लोकांचा सेनापती नामान तुला आठवत असेल. महारोगातून बरा झाला आणि त्याने खऱ्या देवालाच नमन करायचं ठरवलं. पण त्याची नोकरी राजाकडे. राजा मूर्तीच्या देवळात जाऊन वाकणार आणि याच्या हातावर टेकणार, म्हणजे यालाही वाकावं लागणार. त्याने अलीशाला विचारलं, एवढं मला माफ होईल का? अलीशाने त्याला नोकरी सोड म्हणून सांगितलं नाही. निश्चिंत जा म्हणाला. मी ते पान तीनदा वाचलं. पुढे काहीतरी असेल, 'पण' असेल, म्हणून शोधलं. नाही.

विठाबाई कोणापुढे हात जोडते ते तिचं. मी तिच्या देवाला हात जोडत नाही, तिला माहीत आहे. मी तिचं पीठ स्वच्छ करून देते. ते काम माझ्याकडे आलं आहे.

माय


मुखेड, सोमवार, ११ नोव्हेंबर

समीक्षा बाळा,

शनिवारी तू गच्चीवरून फोन केलास, एकटीने. कपडे वाळत घालायच्या निमित्ताने. तुझ्या आवाजामागे वारा होता, बाकी कोणी नव्हतं. तू रडलीस आणि मी धड बोलू शकले नाही, म्हणून आज लिहिते.

तू म्हणालीस, "माय, तुला वाटतं मी तुझ्या भाकरीला नाक मुरडलं. तसं न्हाई गं. मला भ्या वाटतं."

मी ते धरून बसले आहे.

सत्यमराव पीत होते तेव्हाचे दिवस मला माहीत आहेत. तू मला अर्धेच सांगायचीस, अर्धे तुझ्या मनगटावर दिसायचे. पप्पा दोनदा लातूरला येऊन हात जोडून गेले. आपल्या चर्चनेही प्रार्थना केल्या, पण कोणी त्यांच्या दारात जाऊन बसलं नाही. तुमच्या मंडळीचे लोक जाऊन बसले. चाळीस दिवस आळीपाळीने बसले, दारूच्या दुकानाच्या वाटेवर सोबत चालले. दारू सुटली. हे मी कधी विसरणार नाही आणि तुमच्या ब्रदरांबद्दल माझ्या तोंडून वाईट शब्द निघणार नाही.

आता तुला वाटतं, ते सांगतात त्यातलं एक जरी मोडलं, एक भाकरी जरी घरात आली, तर सगळं परत सुरू होईल. म्हणून तू लेकराचा हात धरून ठेवलास. बाळा, मला आधी कळलं असतं तर मी त्या दिवशी ताटच मांडलं नसतं.

पण तुझं भय जावं म्हणून मी गिरणी बंद करू शकत नाही. करून बघितली ना मी, सहा दिवस. म्हातारी नळावर पडली आणि तुझं भय होतं तिथेच राहिलं. उद्या मी लातूरला आले, तर दुसऱ्या कशाची तरी भीती वाटेल. मी कोणाशी बोलले, कोणाच्या घरचा चहा प्याले. भयाला खाऊ घालायला मी किती काय विकू?

सत्यमरावांचा संदेश आला होता. म्हणतात, "आई, प्रभू तुम्हाला सेवेला बोलावून राहिलाय आणि तुम्ही दगडाला धरून बसलात." त्यांना माझा नमस्कार सांग आणि हे वाचून दाखव, एवढाच भाग दाखव: मी सकाळी सहाला दार उघडते आणि दिवेलागणीला लावते. मध्ये जेवणापुरती बसते. ज्याची ज्वारी त्याच्याच डब्यात जाते, कोणाचं मूठभर इकडचं तिकडे होत नाही. ज्या बाईचा नवरा गावाला गेला आहे आणि सासू बोलत नाही, ती माझ्या ओट्यावर बसून बोलते. आजारी घराचं पीठ मी बारीक काढते. पोळीला, पातळ लापशीला, ज्याला जसं पाहिजे तसं. यातला कुठला वेळ प्रभूचा नाही, तो मला दाखवून द्या, मी तेवढा वेळ लातूरला देईन. पूर्णवेळच करून राहिले आहे मी.

तू म्हणालीस, गिरणी विकली नाही तर नाताळला येता येणार नाही. ते मी ऐकलं. खोटं कशाला सांगू, रात्रभर उशी ओली झाली. लेकराला बघून सात महिने झाले. ती आता कशी चालते, तेही मला माहीत नाही.

तरीपण उत्तर तेच आहे. बसलिंगप्पांना मी अजून सांगितलेलं नाही. सणाच्या दिवशी देवाच्या घरात उभी राहून मग सांगेन, म्हणजे नंतर माझीच जीभ फिरायला नको.

खोकला आहे. पहिल्या पत्रात नाही म्हटलं होतं. सरकारी दवाखान्यात दाखवलं, छाती साफ आहे म्हणाले, तोंडाला रुमाल बांधा म्हणाले. बांधते.

तुझी माय


मुखेड, मंगळवार, २६ नोव्हेंबर

समीक्षा,

कापणीचा सण झाला. तुला सगळं सांगते, कारण दुसऱ्या कोणाकडून ऐकशील तर वेगळं ऐकशील.

यंदा चर्चमध्ये सोयाबीन कमी आणि कापूस बरा होता. भोपळे, तुरीच्या शेंगा, दोन कोंबड्या पाय बांधून. एका गवंड्याने थापी आणून वेदीपाशी ठेवली होती, शेत नाही म्हणून. मी पप्पांसारखंच केलं. पहाटे नवीन ज्वारी दळली, पांढऱ्या कापडाच्या पिशवीत भरली, तोंड शिवलं.

प्रार्थनेआधी पाळकसाहेबांनी मला बाजूच्या खोलीत बोलावलं. नवीन आलेलं एक जोडपं आहे, ते तुमच्याकडच्या सभांनाही जातं. त्यांनी सांगितलं होतं, की ही पिशवी बाकीच्या अर्पणात नको. नवरात्रात त्या दगडावर काय दळलं ते गावाला माहीत आहे. साहेब म्हातारे आहेत, त्यांना भांडण सोसत नाही. कपाळ पुसत म्हणाले, "सरजाबाई, यंदा जरा बाजूला ठेवायची का पिशवी? खिडकीपाशी?"

"साहेब, बाजूला ठेवायची असंल तर माझ्यासकट ठेवा. मी बी खिडकीपाशी बसते."

"तसं कसं, बाई."

"पीठ माझ्या हातचं हाय. ते बाजूला आन् मी आत, हे मला जमायचं न्हाई."

साहेबांनी कपाळ पुसायचा रुमाल खिशात ठेवला. मग स्वतः पिशवी उचलली, त्यांच्याने उचलत नव्हती तरी, आणि नेऊन वेदीच्या मधोमध ठेवली. अंगरख्यावर सगळं पीठ लागलं. तसाच त्यांनी उपदेश केला. उपदेश लांबला आणि माझ्या कामाबद्दल त्यात काहीच नव्हतं, पण सगळ्यांचे डोळे त्या पांढऱ्या डागांवर होते.

उपासनेनंतर अर्पणांचा लिलाव. भोपळे गेले, कोंबड्या भांडून गेल्या. पिशवी पुढे आली तेव्हा कोणी बोली लावेना. ते जोडपं एकटं नव्हतं, हे तेव्हा मला कळलं. बायका बांगड्या फिरवत बसल्या. ज्यांच्या घरी मी बाळंतपणाचं पीठ पोचवलं, त्याही. मी हात मांडीवर ठेवून समोर बघत होते. उठून जावंसं वाटलं. गेले नाही.

मग मागून कमलम्मा सिस्टर बोलली. दवाखान्यातून रिटायर झालेली, तुझ्या जन्माच्या वेळी होती ती.

"अय्यो, काय बघता? माझे गुडघे गेले, गिरणीपर्यंत चालणं होत न्हाई. पीठ स्वतःच्या पायानं इथं आलं तर सोडू का मी?"

कोणीतरी हसलं. तिने पहिली बोली लावली. मग गवंड्याने लावली, तिला चिडवायला. मग आणखी एकाने. शेवटी कमलम्मालाच मिळालं. नवीन जोडप्यातली बाई माझ्याजवळून जाताना 'सलाम, मावशी' म्हणाली नाही. तिच्यावरही माझा राग नाही. तिलाही कशाचं तरी भय असेल. तुझ्यामुळे मला ते आता ओळखता येतं.

मग साक्षी झाल्या. कोणाचं ऑपरेशन नीट झालं, कोणाच्या मुलाला नोकरी लागली. मी कधी उभी राहत नाही, तुला माहीत आहे. परवा राहिले. म्हणाले, "माझा नवरा गेला तेव्हा मला वाटलं माझं काम संपलं. प्रभूनं मला काम दाखवलं. ते आधीपासून माझ्या हातातच होतं. मी गिरणी चालवणार हाय. दार सगळ्यांना उघडं राहील. उपवासाचं, बिनउपवासाचं." एवढंच बोलून खाली बसले. 'आमेन' पाच-सहा लोकांनीच म्हटलं.

घरी न जाता तशीच बसलिंगप्पांच्या दुकानावर गेले. सणाची साडी अंगावर, पायात चपला.

"न्हाई म्हणायला आले."

त्यांनी तराजू खाली ठेवला. "अक्का, विचार करा. पुढं एवढा भाव कुणी देणार नाही. आणि तुम्ही किती वर्षं ओढणार?"

"जेवढी ओढवतील तेवढी."

"लेक काय म्हणेल?"

"लेक नाराज हाय. ते माझं आन् तिचं."

त्यांनी तराजू पुन्हा उचलला. मी पायरी उतरल्यावर मागून म्हणाले, "मग उद्या आमच्या घरचे गहू पाठवू का? त्या पुड्यातल्या पिठाच्या पोळ्या आमच्या आईला चावत नाहीत." आपल्याच दुकानात ते पुडे विकतात. मी म्हटलं, पाठवा.

नाताळचं सांगते. तुम्ही येऊ शकत नाही, तर मी येईन. आदल्या दिवशी दुपारच्या बसने निघेन. पीठ आणणार नाही, भाकरी आणणार नाही, फराळ आणणार नाही. रिकाम्या हाताने येईन. तू शिजवशील ते खाईन, ज्या ताटात वाढशील त्यात खाईन. ब्रदर भेटले तर त्यांचे आभार मानेन, जावई वाचवला म्हणून. त्यांनी गिरणीचं विचारलं तर सांगेन, चालू आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत निघेन, कारण सव्वीसला गिरणी उघडायची आहे. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. नाही उघडलंस तर मी स्टँडवर बसून परतीची गाडी धरेन, आणि ईस्टरला पुन्हा येईन.

आई म्हणून तुझ्याकडे येणं आणि गिरणीवाली म्हणून इथे राहणं, दोन्ही मला करायचं आहे. एक सोडल्याशिवाय दुसरं मिळणार नाही, असं तुला कोणी सांगितलं असेल, तर मी जिवंत आहे तोवर त्याचं ऐकू नकोस.

सणाच्या रात्री मला झोप चांगली लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळची दळणं उरकून मी वीज कार्यालयात गेले, रांगेत उभी राहिले, आणि गिरणीच्या मीटरवरचं तुझ्या पप्पांचं नाव कमी करून तिथे माझं नाव लावायला दिलं.

माय